कागद उघडा आहे

ज्यांना ही गोष्ट खोटी वाटेल त्यांनी खुशाल माझ्या मावशीच्या घरी जावं आणि तिच्या बाथरूमला दार का नाही, ते विचारून यावं.

दाराच्या जागी पडदा आहे. जाड, निळा. आंघोळीला गेलेला माणूस आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत मोठमोठ्यानं गातो. काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा गळा असा, की शेजारची मांजर जिना उतरून पळते. पण त्या गाण्याला घरात कोणी हसत नाही.

मीसुद्धा नाही. आणि मी कोण? तर भुताची गोष्ट सुरू झाली की सगळ्यात आधी खी खी करणारी!

आता नाही करत.

ही गोष्ट अमावस्येची नाही. मध्यरात्रीची तर नाहीच नाही. भर दुपारची आहे. बाहेर लख्ख उजेड होता, खाली मुलं सायकली फिरवत होती, कुणाकडे तरी मिक्सर चालू होता. अंधार होता तो फक्त एका छोट्याशा खोलीत.

आणि तो मावशीनं स्वतःच्या हातांनी केला होता.

मावशीच्या तोंडून मी हे सगळं कितीदा तरी ऐकलंय. तिच्या लेकीच्या तोंडूनही. दोघी एकमेकींसमोर नसतानाही तेच सांगतात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणून जसं ऐकलं तसं सांगते.

तर मावशी एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. पूर्वी ती फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवावी लागायची. मग कॉम्प्युटर आले, एक्स-रे थेट पडद्यावर दिसायला लागले आणि त्या अंधाऱ्या खोलीत झाडू आणि फिनेलचे डबे जाऊन बसले. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मावशीला मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिला तो अंधार आवडायचा. टपटपणारं पाणी, आंबूस वास आणि हातांनाच डोळे फुटल्यासारखं काम.

त्या खोलीचा एक नियम होता. दार ठोठावायचं आणि थांबायचं. आतून आवाज आला, "थांब, फिल्म उघडी आहे," की बाहेर साक्षात मोठे डॉक्टर उभे असोत, दाराला हात लावायचा नाही. उजेडाची एक तिरीप आत गेली की फिल्म काळीठिक्कर, आणि मोडक्या पायाच्या पेशंटला पुन्हा टेबलावर चढवा.

हा नियम मावशीच्या हाडीमांसी खिळला होता.

लक्षात ठेवा. सगळं तिथेच येऊन अडतं.

घरी मावशीकडे जुन्या निगेटिव्ह्जचा एक डबा होता. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी काढलेल्या फोटोंच्या. ते फोटो स्वतः मोठे करून छापायचे, हे तिचं कधीपासूनचं खूळ. त्यासाठी एन्लार्जर लागतो. खाली लाकडी पाट, त्यातून निघालेला लोखंडी खांब आणि खांबावर दिव्याचं डोकं. डोक्यात बोटाएवढी निगेटिव्ह घालायची, की खाली ठेवलेल्या कागदावर तिचं चित्र हे एवढं मोठं पडतं.

आता असली यंत्रं नवी कोण विकतंय? मावशी जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळत बसायची. एक दिवस सापडला. अगदी कमी किमतीत. फोटोग्राफर गेले, त्यांच्या पत्नीला काढून टाकायचा होता.

मावशी आणि काका घ्यायला गेले. तिसऱ्या मजल्यावरचा साधा, स्वच्छ फ्लॅट. एक बारीकशा आजी. चष्मा गळ्यात.

आत पाऊल टाकताच मावशीला काहीतरी खटकलं. काय ते आधी कळेना.

मग कळलं.

घरात आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं. चौकटी होत्या... बिजागऱ्या होत्या... दारं नव्हती. बाथरूमलासुद्धा नाही.

मावशीला वाटलं, रंगकाम काढलं असेल.

"कुठे लावणार?" आजींनी विचारलं.

"बाथरूममध्ये," मावशी म्हणाली. "तेवढाच अंधार होतो आमच्याकडे."

"घरात कोण कोण असतं?"

"मी, हे आणि आमची लेक."

आजी एन्लार्जरकडे बघतच नव्हत्या. त्याच्याकडे पाठ करून बोलत होत्या. म्हणाल्या, "काम करताना दार लावू नका हं."

मावशीला हसूच फुटलं. "आजी, दार नाही लावलं तर अंधार कसा होणार?"

आजी नुसत्या चष्मा पुसत राहिल्या. काकांनी ते धूड खांद्यावर घेतलं, तेव्हा त्या पटकन भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. धक्का लागेल म्हणून सरकतो ना माणूस, तसं नाही. कुत्रं अंगावर येईल म्हणून सरकतो, तसं.

काकांनी वाटेतच त्याचं बारसं केलं. "काय मान आहे बघ याची. बगळा!"

झालं. बगळा घरात आला.

मावशीनं बाथरूमची खिडकी काळ्या पुठ्ठ्यानं आणि चिकटपट्टीनं गच्च बंद केली. वॉशिंग मशीनवर फळी टाकून तिच्यावर बगळा बसवला. खाली रसायनांचे तीन ट्रे, वर लाल दिवा. फोटोचा कागद लाल उजेडात बिघडत नाही, साध्या उजेडात मात्र क्षणात जातो. त्या कागदाचं खोकं गारव्यात टिकतं म्हणून फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. काकांनी एकदा ते चीज समजून उघडायला घेतलं होतं, तेव्हा घरात जे काही झालं त्याला महायुद्धच म्हणायचं.

बाथरूमच्या भिंतीवर गॅसचा गिझर होता. जुन्या पद्धतीचा, नळ बंद केला तरी ज्योत जळत राहणारा. मावशीनं पहिल्याच दिवशी बजावलं, "खिडकी बंद असली की गिझर बंद. म्हणजे बंद! गॅस कोंडतो आणि माणसाला कळतही नाही."

हे तिनं सगळ्यात जास्त कुणाला बजावलं? लेकीला. माझ्या मावसबहिणीला. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. ती दहावीत आहे, माझ्याच वयाची, आणि एका जागी बसलेली तिला कुणी पाहिलेलं नाही. झोपेतसुद्धा पलंगाची प्रदक्षिणा घालते.

पहिला फोटो छापला तो मावशीचा आणि माझ्या आईचा, लहानपणचा. एका सायकलवर दोघी, दोघींचे गुडघे फुटलेले. पांढरा कागद रसायनात सोडला आणि काही क्षणांनी त्यातून चेहरे वर यायला लागले, तेव्हा मावशी आत एकटीच टाळ्या वाजवत होती म्हणे.

मग घरात तोच नियम सुरू झाला. दार ठोठावा. आतून उत्तर यायचं, "थांब, कागद उघडा आहे!" मग थांबायचं.

"आंघोळीला आता अपॉइंटमेंट घ्यायची का गं?" काका कुरकुरायचे.

"घे. आणि फोन करून ये."

पहिली खूण काकांना मिळाली.

रविवारची दुपार. काका दाढी करायला म्हणून गेले, दार ठोठावलं. आतून मावशी म्हणाली, "थांब, कागद उघडा आहे." काका वर्तमानपत्र घेऊन बसले. परत ठोठावलं. परत तेच. असं तीन-चारदा झालं. शेवटी ते वैतागून ओरडणार, इतक्यात...

मुख्य दार उघडून मावशी आत आली.

हातात दोरी, खांद्यावर चिमटे. ती गच्चीवर फोटो वाळत घालायला गेली होती. बऱ्याच वेळापूर्वी.

"अगं, मग आत कोण आहे?"

"कोण असणार? भिंगरी क्लासला गेलीय."

काकांनी दार ढकललं. उघडंच होतं. आत कोणी नाही. लाल दिवा बंद. बगळा मान खाली घालून उभा.

"शेजारचा टीव्ही असेल," मावशी म्हणाली.

"लग्नाला इतकी वर्षं झाली. तुझं 'थांब' मी झोपेतही ओळखतो."

दोघं हसले. पण काकांनी त्या दिवशी दाढी केली नाही.

दुसरी खूण मावशीला मिळाली.

कागदावर उजेड सोडला की सेकंद मोजावे लागतात. मावशी मोठ्यानं मोजायची. एक... दोन... तीन... साधारण पंधरापर्यंत. त्या दिवशी मोजता मोजता तिला वाटलं, फरशांमुळे आवाज घुमतोय. आपला प्रत्येक आकडा किंचित मागून परत येतोय.

एक... एक...

दोन... दोन...

गंमत म्हणून ती सातवर थांबली.

सात... सात...

शांतता.

आणि मग तिच्या मागून, अगदी तिच्याच आवाजात...

आठ.

मावशी दार उघडून बाहेर आली. कागद जळला तो जळला. स्वयंपाकघरात जाऊन ती दोन ग्लास पाणी प्यायली. मग स्वतःलाच रागावली. तीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली बाई, आवाजाला घाबरते?

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही टाकून दिला तो बगळा? सोपं असतं हो असं म्हणणं. आजोबांचा अर्धा डबा छापून झाला होता. फोटोंतून कोण कोण बाहेर येत होतं. आणि त्यात भिंगरीच्या शाळेचं प्रदर्शन जवळ आलेलं. स्वतः छापलेले फोटो लावायचे म्हणून ती हटून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती एका गोष्टीवर टिकून होती. मावशीला ते मोडवेना.

आता तो दिवस.

शनिवार. आभाळ भरलेलं, हवेत गारठा. काका कामावर. भिंगरी म्हणाली, "आई, आज मी एकटी छापणार. तू आत यायचं नाही. मला सगळं येतं."

"गिझर?"

"बंद! माहितीये गं. शंभरदा सांगितलंस."

ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबल्याचा आवाज आला.

मावशी शेजारच्या खोलीत इस्त्री करत बसली. अधूनमधून कान तिकडे. ट्रे सरकवल्याचा आवाज... पाण्याचा आवाज... मग काहीच नाही.

तिनं जाऊन दार ठोठावलं. "भिंगरे, दूध देऊ का गरम करून?"

"थांब गं आई, कागद उघडा आहे."

बरं. मावशी परत आली. चार-पाच कपडे झाले. घरात काहीतरी कमी होतं. काय कमी होतं?

भिंगरीचा आवाज.

ही मुलगी काम करते तेव्हा गाते, बडबडते, स्वतःशीच भांडते, डबे पाडते. आत्ता मात्र आत एक थेंबही वाजत नव्हता.

मावशीनं पुन्हा ठोठावलं. "सगळं ठीक आहे ना गं?"

"थांब गं आई, कागद उघडा आहे."

तेच शब्द. तीच पट्टी. 'गं'वर तोच हेल. मघाचं वाक्य उचलून पुन्हा ठेवल्यासारखं.

मावशी दाराशीच उभी राहिली. आत मोजणं सुरू झालं.

एक... दोन... तीन...

आवाज भिंगरीचाच. मावशीला हायसं वाटलं. दहा... पंधरा... आता थांबेल. वीस... निगेटिव्ह गडद असेल, जास्त उजेड लागत असेल. तीस... चाळीस...

"अगं ए, किती वेळ देतेस? कोळसा होईल फोटोचा!"

मोजणं थांबलं नाही. एक्केचाळीस... बेचाळीस... घाई नाही, चूक नाही. आणि या मुलीला दहापर्यंत मोजताना मध्ये दोनदा हसू येतं!

साठ...

मावशी स्वतःला समजावत होती. नवीन काहीतरी करून बघत असेल. आई मध्ये मध्ये करते म्हणून चिडवत असेल. दूध तरी काढून ठेवू या, असं म्हणत ती स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीज उघडला.

भाजीच्या कप्प्यात कागदाचं खोकं होतं.

नवं कोरं. वरची पट्टीसुद्धा फाडलेली नाही. जुनं खोकं परवाच संपलं होतं. घरात फोटोचा कागद होता तो एवढाच.

तो सगळा इथे होता.

मग आत... उघडा आहे तो कागद कुठला?

दुधाचं पातेलं कधी पडलं ते मावशीला आठवत नाही. ती दाराशी होती, एवढंच आठवतं. दोन्ही मुठींनी दार बडवत होती. "भिंगरे! दार उघड! भिंगरे!"

मोजणं थांबलं.

आतून आवाज आला. "थांब."

या वेळी 'गं' नव्हतं. 'आई' नव्हतं. नुसतंच थांब.

आणि मावशी थांबली.

हे सांगताना मावशीच्या डोळ्यांत अजून पाणी येतं. तिचं मन ओरडत होतं, दार तोड. आणि हात थांबले होते. वर्षानुवर्षं ज्या शब्दाला हात थांबलेत, त्या शब्दाला ते आपोआप थांबले. एखादा क्षण असेल. तेवढ्यात आत पुन्हा मोजणं सुरू झालं... जिथे सोडलं होतं तिथूनच.

त्या क्षणी तिच्या तोंडून जे काही आलं ते नुसतं घोगरं ओरडणं होतं. तिनं खांदा दिला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कडीचे स्क्रू चौकटीतून निघाले आणि दार आत उघडलं.

लाल उजेड.

फरशीवर भिंगरी पडली होती. कुशीवर, एक हात दाराकडे लांब केलेला. बोटं दारापासून वीतभर दूर.

भिंगरी थांबली होती.

तिचे ओठ मिटलेले होते. मावशीनं ते नीट पाहिलं. घट्ट मिटलेले.

आणि मोजणं चालूच होतं...

वरून. बगळ्याच्या डोक्याच्या उंचीवरून. एखादा माणूस फळीशी उभा राहून कामात गुंतलेला असावा, तसं. मावशीनं खाली वाकून लेकीच्या काखेत हात घातले, तेव्हा पुढचा आकडा तिच्या कानाशी आला. इतका जवळ, की कानाला ऊब लागली.

तिनं मान वर केली नाही. ओढलं. नुसतं ओढलं. दाराबाहेर, खोलीबाहेर, जिन्यापर्यंत. शेजारणी धावल्या. कुणी खिडक्या उघडल्या, कुणी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून आत गेल्या आणि ओरडल्या, "अहो, गिझर चालू आहे!"

निळी ज्योत संथ जळत होती.

भिंगरी वाचली. आधी तेच सांगून टाकते, कारण मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझाही श्वास इथेच अडकला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. दोन दिवस नाकाला नळी. तिसऱ्या दिवशी तिनं नर्सला विचारलं की नळी काढून जरा फिरून येऊ का, तेव्हा काका व्हरांड्यात जाऊन रडले.

मावशीनं ठरवलं होतं, रागवायचं नाही. पण राहवलं नाही. "का लावलास गं गिझर? एवढं सांगूनही?"

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली.

"तूच तर म्हणालीस."

"मी?"

"मी आत गेले तर कागद विसरलेला. मी आतून हाक मारली, आई, खोकं दे. तू दाराशी येऊन म्हणालीस, आणते, थांब. मग म्हणालीस, पाणी गार असेल, तोवर गिझर लावून कोमट करून घे. मी म्हटलंसुद्धा, अगं पण खिडकी? तर तू म्हणालीस, मी आहे ना बाहेर."

खोलीत माझी आई होती, काका होते.

"मग मला गरगरायला लागलं. मी म्हटलं, आई, मला कसंतरी होतंय, मी बाहेर येते. आणि तू..."

भिंगरीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"तू म्हणालीस, थांब. कागद उघडा आहे."

आई बाहेरून दार ठोठावत होती आणि लेक आतून हाका मारत होती. मध्ये एक साधं लाकडी दार. दोघींनाही उत्तरं मिळत होती.

माझी आई याबाबतीत पक्की आहे. ती म्हणते, "गॅसनं भास होतात. डॉक्टरांनाही विचार." असेल. पण मावशी तर गॅसमध्ये नव्हती. तिला कसले भास?

भिंगरी घरी आली, त्याच आठवड्यात मावशी माझ्या आईला घेऊन त्या आजींकडे गेली. भांडायलाच गेली होती.

आजींनी दार उघडलं. मावशीचा चेहरा पाहिला. पहिलाच प्रश्न, "मुलगी... आहे ना?"

"आहे."

आजी तिथेच खुर्चीत बसल्या.

मग म्हणाल्या, "हे सकाळी आत गेले होते. मी जेवायला बोलवायला गेले तर हे म्हणाले, थांब, कागद उघडा आहे. चहाला बोलावलं, तेच म्हणाले. आमच्याकडे नियम होता ना. मी संध्याकाळपर्यंत थांबले. दार फोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, सकाळीच गेलेत."

मावशीचा राग कुठच्या कुठे गेला. तरी ती म्हणाली, "मग आम्हाला सांगायचं ना!"

"मी म्हणाले होते, दार लावू नका."

"पण का, ते नाही सांगितलंत."

"सांगितलं असतं तर नेला असतात?" आजी खाली बघत होत्या. "मला तो घरातून जायला हवा होता हो. मी एकटी राहते. मी काय करू?"

माझी आई मध्ये पडली. "आजी, तुमच्या मिस्टरांनाच काहीतरी सांगायचं असेल..."

आजींनी झटकन मान वर केली. "तो आवाज यांचा होता. पण ते हे नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला नुसतं 'थांब' म्हणून कधी थांबवलं नाही. काहीतरी थट्टा केल्याशिवाय हा माणूस बोलायचा नाही."

"मग कोण?"

"मला काय माहीत? ह्यांनीही तो जुनाच घेतला होता. एका फोटोग्राफरच्या बायकोकडून. मीही गेले होते बरोबर." आजींनी समोरच्या मोकळ्या चौकटीकडे पाहिलं. "त्यांच्या घरात आतल्या खोल्यांना दारं नव्हती. मला वाटलं, रंगकाम काढलं असेल."

परतताना दोघी बहिणी सबंध रस्ता एकमेकींचा हात धरून चालल्या. त्या सायकलवरच्या फोटोतल्यासारख्या.

मावशीनं बगळा विकला नाही. फुकट दिला नाही. भंगारातही टाकला नाही. म्हणाली, "माझ्यानंतर आणखी एका घरातली दारं काढायला नकोत." काकांनी त्याचे तुकडे केले. खांब वेगळा, डोकं वेगळं, भिंग हातोड्यानं फोडलं. सगळं माळ्यावर आहे. त्याच दिवशी आतली दारंही निघाली. बिजागऱ्या मात्र तशाच राहिल्यात.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण बगळा सोडवताना त्याच्या पाटावर एक पाकीट सापडलं. काळ्या कागदाचं. फोटोचा कागद उजेडापासून सांभाळतात, तसलं. ते मावशीचं नव्हतं. कडा पिवळट, जुनाट. आत एकच कागद, वरून बोटांना लागेल असा जाड. आणि पाकिटाचं तोंड दोनदा दुमडून, टोक आत खोचून बंद केलेलं. कामाची सवय असलेला माणूस अंधारातही करतो, तसं.

म्हणजे त्या दुपारी आत कागद खरंच उघडा होता.

मोजून झाल्यावर कुणीतरी तो नीट बंद करून ठेवला होता.

तो कागद अजून धुतलेला नाही. त्याच्यावर काय उमटलंय ते कुणालाच माहीत नाही. भिंगरी बरी झाली तशी तिला खाज सुटली, "आई, एकदाच धुवून बघू या ना! चेहरा असेल तर?" मावशीनं ते पाकीट फाडायला घेतलं, तर तिचा हात होईना. शेवटी माझी आई म्हणाली, "दे इकडे. माझ्याकडे राहील. आमच्याकडे ना अंधारी खोली, ना रसायनं."

गेल्या आठवड्यापासून ते आईच्या कपाटात आहे. साड्यांच्या खाली.

आमच्या घरात सगळ्या खोल्यांना दारं आहेत.

मी हे माझ्या खोलीत बसून लिहितेय. दार नुसतं लोटलेलं आहे. बाहेर ऊन आहे. आत्ताच आईनं दार ठोठावलं आणि विचारलं, "झालं का गं लिहून? येऊ का आत?"

मी वाक्य पूर्ण करत होते. मान वर केली नव्हती. तोंडही उघडलं नव्हतं.

आई बाहेरूनच म्हणाली, "बरं बाई, थांबते."

आणि तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली...